गोरिला परमिटचा ‘जुना कोटा’: ९ लाख ४० हजार भरून युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलाच्या दारातून परत

आधी कामाचं सांगतो, राग नंतर. युगांडात गोरिला बघायच्या परमिटचा ‘जुना कोटा’, म्हणजे जुन्या दराने आधीच उचलून ठेवलेली परमिट, असा काही प्रकार नसतो. परदेशातून येणाऱ्या पर्यटकाला १ जुलै २०२४ पासून हे परमिट माणशी ८०० डॉलरला पडतं. कुणी तुम्हाला ते ७०० मध्ये देतो म्हणाला, तर तो तुमचे १०० वाचवत नाहीये, तुमचे ७०० खातोय.

आम्ही चौघे, मी, बायको, मेव्हणी आणि साडू. नागपूरचे. ताडोबा-पेंचला वर्षानुवर्षं जाणारी माणसं आहोत. परमिटवर नाव, ओळखपत्राचा नंबर, गेट, सकाळची फेरी की दुपारची, हे सगळं असतं आणि गेटवर ते ताडून बघतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणूनच जास्त झोंबतं. जंगल न बघितलेला कुणी फसला असता तर लोकांनी कीव केली असती. मला मात्र लोक विचारतात, ‘अहो, तुम्ही कसे काय?’

तर ‘मी कसा काय’ ते ऐका. हा माणूस आमच्याच वन्यजीव छायाचित्रणाच्या मंडळींमध्ये ऊठबस असलेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. त्याने युगांडाचा स्लाइड शो केला होता आणि फोटो त्याचेच होते, उसने नव्हते. एका फोटोत तो स्वतः रबरी बूट घालून, हातात काठी घेऊन रेंजरच्या शेजारी उभा. तिथल्या इशाशा भागातल्या उंबराच्या झाडावर पाय लोंबकळत सोडून झोपलेल्या सिंहिणी त्याने दाखवल्या आणि अख्खी खोली गार पडली. असा माणूस चोर निघेल असं कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तो मला ‘दादा’ म्हणायचा, हिला ‘वहिनी’.

बेत असा ठरला: एंटेबीला उतरायचं, किबालेच्या जंगलात चिंपांझी, मग क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान, काझिंगा कालव्यात बोट, इशाशा, शेवटी ब्विंडीला गोरिला आणि परत. विमानाची तिकिटं आमची आम्ही काढायची. बाकी सगळं माणशी २,३५,०००, चौघांचे ९,४०,०००. महाग म्हणाल, तर हे दर बाजारापेक्षा फार कमी नव्हते, आणि हीच त्याची हुशारी. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी दारातूनच वाटेला लावला असता.

पैसे तीन हप्त्यांत गेले. जानेवारी २०२५ मध्ये परमिटचे म्हणून २,४०,८००. हिशोब त्याने कागदावर करून दाखवला: ७०० डॉलर, दर ८६ रुपये, माणशी ६०,२००. हे त्याच्या फर्मच्या चालू खात्यात गेले. पुढचे ३,५०,००० आणि ३,४९,२०० मात्र त्याच्या बायकोच्या बचत खात्यात. का? तर ‘दादा, फर्ममध्ये घेतले की टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापायचा आयकर, लावावा लागतो, ५ टक्क्यांनी तुमचे ४७,००० उगाच अडकतील.’

अडकतील म्हणाला, जातील नाही म्हणाला. टीसीएस आपल्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना करात वळता होतो नाहीतर परत मिळतो. म्हणजे वाचत काहीच नव्हतं. साडू तर आयुष्यभर हिशोब तपासणीच्या नोकरीत, तेही ‘बरंय की’ म्हणाले. आता घरात हा विषय निघाला की ते म्हणतात, मी तुमच्या शब्दावर हो म्हटलं. आणि माझा शब्द त्या स्लाइड शोवर!

परदेशी सहलीचे पैसे कुणी टीसीएसशिवाय मागितले की तिथेच उठा. टीसीएस नको असणाऱ्याला पावतीही नको असते आणि खात्यात मागही नको असतो.

आता तो क्षण. मार्चमध्ये त्याने चार परमिट व्हॉट्सॲपवर पाठवली. रात्रीची जेवणं झाली होती, हिने फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी मोठं करून बघत बसली. मग म्हणाली, ‘अहो, हा चौदा जरा वर गेलाय का?’ १४ जून २०२५ या तारखेतला १४ बाकीच्या ओळीपेक्षा किंचित वर आणि किंचित ठळक होता. चारही परमिटांवर. मी म्हणालो, स्कॅन आहे, हलतं असं. तिने पुन्हा विचारलं, ‘आणि आपलं हॉटेल रुशागाला आहे ना? मग यावर बुहोमा का?’

ब्विंडी हे एकच जंगल असलं तरी गोरिला बघायला शिरायची ठिकाणं चार आहेत: बुहोमा, रुहिजा, रुशागा, नकुरिंगो. परमिट ज्या ठिकाणचं, त्याच ठिकाणी सकाळी हजर व्हावं लागतं, आणि बुहोमाहून रुशागा म्हणजे डोंगरातून काही तासांची वाट. ताडोबात मोहर्लीचं परमिट घेऊन कोलारा गेटला कुणी मुक्काम करतं का? हे मला कळायला हवं होतं? हो, हवं होतं. पण मी त्याला विचारलं, आणि त्याने पाच मिनिटांत हॉटेल बदलून बुहोमाचं केलं, वर ‘वहिनींची नजर शार्प आहे’ म्हणून हसण्याची चित्रं पाठवली. चूक दाखवली, दुरुस्त झाली, माणूस प्रामाणिक वाटला. तुम्हालाही वाटला असता.

आणि ७०० डॉलर? तेही मी विचारलं होतं. अधिकृत दर ८०० दिसतोय म्हटल्यावर तो म्हणाला, दर वाढायच्या आधीच आम्ही एकगठ्ठा उचलून ठेवले होते. ज्याने आधी पैसे भरले त्याला जुना दर, हे आपल्याकडेही होतं, म्हणून पटलं. पण गोरिला परमिट हे नावावर आणि पासपोर्ट नंबरवर निघतं. आमची नावं त्याला कळली जानेवारी २०२५ मध्ये. मग आमच्या नावाचं परमिट त्याने जुलै २०२४ च्या आधी कसं काढलं? एवढा साधा प्रश्न कुणालाच पडला नाही. ७०० चा दर खरंच आहे, पण तो युगांडात रीतसर वास्तव्य असलेल्या परदेशी लोकांसाठी. हे मला गेटवर कळलं.

सहल सुरू झाली तेव्हा सगळं उत्तम. छप्पर उघडणारी लँड क्रूझर, ड्रायव्हर वक्तशीर आणि अबोल. किबालेची चिंपांझीची परमिट खरी निघाली. माणशी २५० डॉलरची ती परमिट खरी होती म्हणून उरलीसुरली शंकाही गेली. झाडांच्या शेंड्यातून त्यांचा आरडाओरडा सुरू झाला तेव्हा साडूंनी माझा खांदा दाबला. काझिंगाला पाणघोडे, म्हशी, हत्ती. इशाशाला सिंह झाडावर नव्हते, गवतात होते, त्याला कुणाचा इलाज नाही.

१४ जूनला सकाळी साडेसातला आम्ही बुहोमाला हजर. पॅन्टचे पाय मोज्यात खोचलेले, पासपोर्ट हातात. तिथे आधी नोंद होते, मग माहिती देतात, मग आठ-आठ जणांचे गट पाडून वेगवेगळ्या गोरिला कुटुंबांकडे पाठवतात. सोबत मिळतो तो एक तास, त्यावर मिनिट नाही. रेंजर बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. पासपोर्ट मागून घेतले, आत गेल्या, परत आल्या आणि अतिशय सभ्यपणे म्हणाल्या की ही परमिट आमच्या कार्यालयाने दिलेली नाहीत. नंबर दुसऱ्याच कुणाच्या परमिटचा होता, फक्त शेवटचा आकडा चौघांना वेगवेगळा घातलेला. नवीन काढून द्या म्हटलं, जागेवर ३,२०० डॉलर मोजायची तयारी दाखवली. जून हा गर्दीचा हंगाम, त्या दिवसाची एकही जागा शिल्लक नव्हती. गट एकेक करून आत गेले, आम्ही बाकावर. सबंध जगात माउंटन गोरिला हजाराच्या थोडे वर, त्यातले ४५९ ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या साराम्ब्वेत २०१८ च्या गणनेत मोजले गेलेले, आणि आम्ही त्यांच्या दारात बसून फोन लावतोय.

फोन त्याने पहिल्या रिंगला उचलला. ‘दादा, मिसअंडरस्टँडिंग आहे, मी हेडशी बोलतो, दहा मिनिटं द्या.’ त्यानंतर फोन बंद.

ड्रायव्हरने मग कंपालातल्या आपल्या ऑफिसला फोन केला आणि खरं चित्र बाहेर आलं. त्यांनी मला ईमेल दाखवलं. आमच्या माणसाने त्यांच्याकडून फक्त गाडी, हॉटेलं आणि चिंपांझीची परमिट घेतली होती, आणि गोरिलाच्या पुढे लिहिलं होतं: परमिट पाहुणे स्वतः आणणार. त्यातलेही गाडीचे १,१०० डॉलर आणि बुहोमाच्या हॉटेलचे ७६० डॉलर त्याने चुकते केले नव्हते. त्या कंपनीला मी दोष देत नाही, त्यांचीही फसवणूकच झाली. पण पैसे मागितले आम्हालाच. परक्या देशात, डोंगरात, चार माणसं, हुज्जत कुठे घालणार? ९४,६०० आणि ६५,३६० माझ्या क्रेडिट कार्डावर गेले, बँकेचं वरचं शुल्क वेगळं. परमिटचे धरून थेट बुडालेले ४,००,७६०. बाकी ९,४०,००० मधले त्याने किती खाल्ले त्याचा हिशोब तोच जाणे.

परत आल्यावर वाटलं होतं, कागद पक्के आहेत, काम सोपं आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘गोरिला बघायला आफ्रिकेत? एवढे पैसे?’ जणू गुन्हा आमचाच. मग म्हणाले, घटना युगांडात घडली, आमची हद्द नाही. अहो, पैसे नागपूरच्या खात्यातून नागपूरच्या खात्यात गेलेत! मग म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, सहल झाली ना, थोडी कमी झाली. सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वतःहून पैसे दिलेत, ओटीपी चोरीला गेलेला नाही, हे आर्थिक गुन्हे शाखेकडे न्या. तिथे सांगितलं, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ९ लाख ४० हजार लहान! परमिटच्या छापील प्रती दाखवल्या तर एक साहेब म्हणाले, ‘बनावट आहेत हे युगांडा सरकारकडून लेखी आणा.’ तेही आणलं. रेंजर कार्यालयाकडून मेलवर आलेलं उत्तर दिलं, तर म्हणाले इंग्रजीत आहे, मराठी करून नोटरी करा. चहा मात्र प्रत्येक ठिकाणी विचारला.

बँकेची तऱ्हा आणखी वेगळी. बचत खात्यातले पैसे अडवा म्हटलं तर उत्तर, व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला आहे. कार्डाच्या रकमेवर हरकत घेतली तर उत्तर, सेवा तुम्हाला मिळालेली आहे. आणि ते खरं आहे, हीच तर चीड. हॉटेलात आम्ही झोपलो, गाडीत बसलो. परमिटची जी रक्कम बुडाली ती कार्डाने भरलीच नव्हती. मोठी रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, २ टक्के जास्त गेले तरी चालतील, निदान हरकत नोंदवायला जागा राहते.

‘हद्द नाही’ हे ऐकून घेऊ नका. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवावा लागतो. हे वाक्य कागदावर लिहून, अर्जाची पोच मागितली तेव्हा कुठे साहेबांनी पेन उचललं. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन, रांगेत उभं राहणं नंतर.

परमिट हातात आलं की नंबर, नाव आणि तारीख युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीला मेल करून पडताळून घ्या. एजंटने दिलेल्या पत्त्यावर नव्हे, त्यांच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर. तिकडची स्थानिक कंपनी कोणती हे पैसे द्यायच्या आधी विचारा आणि तिला थेट लिहा: आमच्या नावावर काय काय घेतलंय? मला एवढ्यावरच कळलं असतं. एजंट नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच समजा. आणि बायको स्क्रीन मोठी करून बघत असेल तर तिला बघू द्या.

आता तो काय म्हणतो ऐका. ‘दादा, पुढच्या ट्रिपमध्ये ॲडजस्ट करून देतो.’ मध्येच ६०,००० परत देतो म्हणाला, बदल्यात तक्रार मागे घ्यायची. नकार दिला. साडूंना ते मान्य नव्हतं, त्यांच्या मते आलं ते घ्यावं. आम्ही सध्या फोनवर मोजकंच बोलतो.

ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, वकील लागतोच असं नाही, आणि ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये. या सगळ्या प्रकरणात रीतसर पावती मिळालेली ही एकच रक्कम. नोटीस फर्मच्या पत्त्यावर गेली ती ‘जागा सोडली’ म्हणून परत आली, आता घरच्या पत्त्यावर पुन्हा पाठवतोय. माझ्यासोबत आणखी दोन कुटुंबांनी त्याच्याकडे पैसे भरल्याचं कळलं आहे, एक अमरावतीचं. ‘इज्जत जाते’ म्हणून दोघंही गप्प आहेत. त्यांना आणि अशा आणखी कुणाला हे वाचायला मिळालं तर माझ्या अर्जाची प्रत आणि रेंजर कार्यालयाचं उत्तर मी देईन, मराठी भाषांतर आणि नोटरीसकट. तुमचा अर्ज वेगळा करा, पण या महिन्यात करा. त्याचं राहतं घर विक्रीला लागलंय.