जन्मदाखल्याचं काम : पंचायत, सेवा केंद्र आणि तहसीलसमोरचं टेबल

बाप अमेरिकेत, लेकरं दारव्हा-दिग्रसकडच्या गावात. लेकरांना तिकडे नेण्यासाठीचा आय-130 अर्ज भरायची वेळ येते तेव्हा कळतं की पंचायतीच्या दाखल्यावर 14 ऑगस्ट आहे, शाळेत गुरुजींनी 1 जून टाकलाय आणि आधारवर नुसतं साल धरून 1 जानेवारी. हे निस्तरायला तीन दारं आहेत.

पंचायतीचं दार सगळ्यात कामाचं, पण लोक तिथून नुसती नवी प्रिंट घेऊन परततात. ग्रामसेवक (2024 पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच जन्म-मृत्यू निबंधक. त्याच्याकडे नमुना 5 मधल्या दाखल्यासोबत नोंदवहीतल्या मूळ नोंदीची साक्षांकित प्रतही मागा. नोंद क्रमांक आणि नोंदणीची तारीख वाचता आली पाहिजे. अमेरिकेचा अधिकारी जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीख बघतो. जन्मानंतर 21 दिवसांत झालेल्या नोंदीला वजन असतं. मागच्या वर्षी झालेली नोंद असेल तर तो आणखी पुरावे मागतो.

मोठा घोळ होतो तो गाव चुकल्यामुळे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि नोंद जन्म झाला तिथेच असते. अमरावतीच्या डफरीन दवाखान्यात जन्मलेल्या लेकराची नोंद सासरच्या पंचायतीत सापडणारच नाही. तिथे ‘नोंद आढळत नाही’ असं लिहून मिळालं की घरचे दुसरी नोंद करायला धावतात. मग एका लेकराच्या दोन नोंदी होतात, दोन तारखांच्या. फाइलला याहून वाईट दुखणं नाही.

सेवा केंद्राला टायपिंग आणि पावतीपुरते गुण द्यावेत. पावती मात्र सोडू नका, लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करायला तीच लागते. ऑपरेटर ऐकू येईल तसं इंग्रजी स्पेलिंग टाकतो. वानखडेचं वानखेडे होतं, ज्ञानेश्वर कधी ‘डी’ने तर कधी ‘जी’ने सुरू होतो. बापाच्या पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवून एकेक अक्षर तपासा. आईचं माहेरचं नाव नोंदीत असेल तर ती चूक नव्हे. विवाह नोंदणीचा दाखला आणि ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र जोडलं की भागतं. पंचायतीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असतं, तरी केंद्रवाला आधी स्टॅम्प पेपरच पुढे करतो.

नोंदच चुकलेली असेल तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 आहे. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. चूक लेखनिकाची नसून मजकुराचीच असेल तर माहीतगार अशा दोन विश्वासू माणसांची निवेदनं लागतात. मूळ नोंद तशीच राहते हे फायद्याचंच, लपवाछपवीचा संशय येत नाही. पण पंचायतीची तारीख खरी असेल तर ती शाळेच्या तारखेला जुळवायला जाऊ नका. शाळा, मग आधार, मग पासपोर्ट या क्रमाने बाकीचे कागद तिच्याकडे आणा. शाळेतली दुरुस्ती लेकरू शिकत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्याचा दाखला काढल्यावर ते फार जड जातं.

तहसीलसमोरच्या दलालाच्या टेबलावर ‘नवीनच नोंद काढून देतो’ असं ऐकू आलं की उठा. वर्ष उलटलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि 2025 मध्ये अशा उशिराच्या नोंदींची राज्यात कडक छाननी झाली. नोंद खरंच नसेल तर नमुना 10 म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. सोबत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, लसीकरणाचं कार्ड आणि अर्जात पक्षकार नसलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. दाई किंवा आत्या चालते, पण ‘मला माहीत आहे’ एवढ्यावर भागत नाही. जन्माच्या वेळी ती कुठे होती आणि तिला कसं कळलं, हे लिहायलाच हवं. डीएनए आधीच खासगी लॅबमध्ये करून पैसे घालवू नका. अमेरिकेच्या अधिकाऱ्याने सांगितलं तरच, त्यांच्या मान्यताप्राप्त लॅबमार्फत करा.

बाप अमेरिकेचा नागरिक असेल तर प्रत्येक लेकराचा अर्ज वेगळा, आणि लेकरू 21 वर्षांखालचं आहे का या हिशेबाला अर्ज दाखल केल्या दिवशीचं वय धरतात. ग्रीन कार्डवाल्याचा हिशेब निराळा. सावत्र लेकरू असेल तर लग्न त्याच्या 18 व्या वाढदिवसाआधी झालेलं हवं, म्हणून तिथे तारखेतला महिन्याचा फरकही अर्ज बुडवू शकतो. पुरावे मागणारी नोटीस आली की जास्तीत जास्त 84 दिवस मिळतात, वर मुदतवाढ नाही. गावातली दुरुस्ती तेवढ्यात होईलच असं नाही, म्हणून अर्जाआधीच सुरुवात करा.

भाषांतर शिक्क्यांसह आणि समासातल्या नोंदींसह पूर्ण हवं. भाषांतरकाराने ते पूर्ण व अचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं लिहून सही करायची, नोटरीची गरज नाही. आणि केंद्रवाला जुन्या दाखल्याला लॅमिनेशन करून देतो म्हणाला, तर नको म्हणा.