नादारीचा अर्ज, बँकेशी तडजोड की एनसीएलटी? पद आणि धंदा यांच्या बाजूने पाहिलेला हिशेब

कर्ज आता फिटणार नाही हे कळून चुकल्यावर बहुतेक जण रकमेकडे बघून मार्ग निवडतात. रक्कम कमी असेल तर तडजोड, फार मोठी असेल तर कोर्ट. आमचं मत वेगळं आहे. आधी एक कागद घ्या आणि तुमच्या नावावर आज कोणकोणती पदं आहेत ती लिहून काढा: कंपनीतलं डायरेक्टरपद, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) किंवा फर्ममधली भागीदारी, महापालिकेतलं नगरसेवकपद किंवा त्याची तयारी, बँकेतली नोकरी, सीएची सनद, वाशी मार्केटचा परवाना. यातलं प्रत्येक पद वेगळ्या कायद्याने आणि वेगळ्या तारखेला हातातून जातं. काही नुसत्या अर्जाने जातात, काही कोर्टाच्या आदेशानंतर, आणि एक-दोन परत मिळतच नाहीत. निवड या यादीवरून व्हायला हवी.

कोणाला कुठे जाता येतं

ठाणे शहर, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतं. इथे सामान्य व्यक्तीच्या नादारीला (ही व्यक्ती देणी फेडू शकत नाही असं कोर्टाने ठरवण्याला) आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. खारघर, कामोठे, पनवेल इथल्या रहिवाशाला कायदा तोच, पण जिल्हा रायगड. मुलुंड चेक नाका ओलांडून मुंबईत गेलात की कायदाच बदलतो: तिथे १९०९ चा कायदा आणि हायकोर्ट. घर घोडबंदर रोडला आणि पेढी मशीद बंदरला असेल तर दोन्हीकडे अधिकारक्षेत्र निघू शकतं, कारण राहण्याचं ठिकाण आणि धंद्याचं ठिकाण दोन्ही धरलं जातं. अशा वेळी कोर्ट कोणतं, हा प्रश्न अर्ज लिहायला घेण्याआधी सोडवा.

एनसीएलटीचा, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, मार्ग सगळ्यांसाठी नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींबद्दलचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ ला वैध ठरवली. म्हणजे वागळे इस्टेटमधल्या प्रायव्हेट लिमिटेडच्या कॅश क्रेडिटला डायरेक्टर म्हणून जामिनावर सही केली असेल तर मुंबईचं एनसीएलटी खंडपीठ. तेच युनिट स्वतःच्या नावावर, प्रोप्रायटरी असेल, तर जिल्हा न्यायालयच.

तडजोड: पद वाचतं, पण सगळी पदं नाहीत

बँकेशी एकरकमी तडजोड केली तर कोणतंही कोर्ट तुम्हाला नादार ठरवत नाही. नगरसेवकपद, डायरेक्टरपद, भागीदारी जागच्या जागी राहते. यातली उणीव अशी की ही तडजोड फक्त त्या एका धनकोपुरती असते. बाकीच्यांपैकी एकजण अडून बसला तर तो दावा, जप्ती, चेक बाउन्सची केस सगळं चालू ठेवू शकतो. सिबिलवर ‘सेटल्ड’ हा शेरा बसतो आणि क्रेडिटची नोंद किमान ७ वर्षं ठेवली जाते, म्हणजे नव्या खेळत्या भांडवलाची वाट बराच काळ अडते.

दोन पदांना मात्र तडजोडही बाधते आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९६(३) प्रमाणे ज्याने कधीही धनकोंची देणी थांबवली किंवा त्यांच्याशी तडजोड केली, तो मॅनेजिंग डायरेक्टर, पूर्णवेळ डायरेक्टर किंवा मॅनेजर होऊ शकत नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम १० बँकेतल्या नोकरीबद्दल जवळजवळ हेच म्हणतं. एका खात्याचा हिशेब मिटवणं वेगळं आणि सगळ्या धनकोंना एकत्र बोलावून रुपयामागे अमुक पैसे असा करार करणं वेगळं. दुसरा प्रकार या तरतुदीच्या शब्दांत सरळ बसतो. त्यामुळे पगारी पूर्णवेळ डायरेक्टर असाल किंवा घरातलं कोणी बँकेत असून कर्ज त्याच्याही नावावर असेल, तर कराराचा मसुदा सही करण्याआधी कंपनी सेक्रेटरीला किंवा वकिलाला दाखवा. पैसे भरल्यावर नो ड्यूज दाखला, जामीनदाराची मुक्तता आणि दाखल केसेस मागे घेतल्याची कोर्टाची नोंद, हे तिन्ही हातात आल्याशिवाय प्रकरण मिटलं असं धरू नका.

जिल्हा न्यायालयातली नादारी

पात्रता सोपी आहे. देणी फेडता येत नाहीत आणि ती किमान ५०० रुपये आहेत, किंवा हुकूमनाम्याच्या (पैसे भरण्याच्या दिवाणी कोर्टाच्या निकालाच्या) अंमलबजावणीत अटक झाली आहे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश आहे, यातलं काही दाखवावं लागतं. ५०० हा आकडा १९२० चाच आहे, त्यामुळे इथे कोणी अडत नाही. अडतात ती कागदपत्रांवर: सगळ्या धनकोंची नावं, पत्ते, रकमा आणि सगळ्या मालमत्तेची यादी. एखादा हातउसना देणारा मेहुणा किंवा भिशीचे पैसे यादीतून सुटले की पुढे प्रामाणिकपणावरच शंका घेतली जाते.

नादार ठरवणारा आदेश झाला की मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे) जाते आणि हा परिणाम अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. सुटका होईपर्यंत, म्हणजे कोर्ट नादारीतून मोकळं करेपर्यंत, नव्याने मिळालेली मालमत्ताही त्यातच जाते, वारशाने आलेला हिस्सासुद्धा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या वस्तू सुटतात: कारागिराची अवजारं, प्रॉव्हिडंट फंड, आणि पगारातले पहिले १००० रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश. धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा करता येत नाही आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो. मात्र ज्या बँकेकडे फ्लॅट गहाण आहे तिला यातलं काहीच अडवत नाही. ती ६० दिवसांची सरफेसीची (बँकेला दावा न करता गहाण मालमत्ता घेऊ देणाऱ्या कायद्याची) नोटीस काढून ताबा घेऊ शकते. फक्त घर वाचावं म्हणून नादारीचा अर्ज करू नये. कलम १३८ ची चेक बाउन्सची फौजदारी केसही यामुळे थांबत नाही.

अर्जाआधीच्या व्यवहारांकडे कोर्ट मागे वळून बघतं. अर्जापूर्वीच्या २ वर्षांत मोबदल्याशिवाय, उदाहरणार्थ बक्षीसपत्राने, पत्नीच्या नावावर केलेली खोली रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. ३ महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन पैसे चुकते केले असतील तर तेही. एनसीएलटीच्या मार्गात नातेवाईक किंवा जवळच्या व्यक्तीला दिलेल्या झुकत्या मापासाठी ही मुदत ३ महिन्यांऐवजी २ वर्षांची आहे, इतरांसाठी ६ महिन्यांची. घरच्यांचे पैसे आधी फेडून टाकलेल्यांनी हा फरक गांभीर्याने घ्यावा.

कोणतं पद कधी जातं

कंपनीच्या डायरेक्टरबद्दल कंपनी कायद्याचं कलम १६४ दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. सुटका न झालेला नादार अपात्र आहेच. शिवाय ज्याने स्वतः नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज केला आणि तो प्रलंबित आहे, तोही अपात्र आहे. म्हणजे तुम्ही सकाळी कोर्टात अर्ज दिला तर त्याच दिवशी डायरेक्टरपद रिकामं होतं, निकाल वर्षभराने लागला तरी. हाच अर्ज धनकोने तुमच्याविरुद्ध केला, तर आदेश होईपर्यंत तुम्ही पदावर राहता. एकाच कर्जाचा परिणाम कोर्टात कोण गेलं यावरून बदलतो. पद गेल्याचं माहीत असून कारभार चालू ठेवला तर १ लाख ते ५ लाख रुपये दंड आहे.

ठाण्यातल्या किती तरी प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत नवरा-बायको असे दोनच डायरेक्टर असतात. कायद्याने किमान दोन लागतात. एक गेला की संचालक मंडळ अपुरं, बँक खात्याची सही अडकलेली, जीएसटीचा अधिकृत सहीदार जुनाच. म्हणून क्रम असा ठेवा: तिसरा डायरेक्टर आधी नेमा, डायरेक्टर बदलाचा डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांत भरा, बँकेत सही बदला, जीएसटी पोर्टलवर बदल १५ दिवसांत नोंदवा, आणि मगच कोर्टाची पायरी चढा.

एलएलपीतही स्वतःचा अर्ज पुरेसा आहे, भागीदारी तिथेच संपते. साध्या भागीदारी फर्मचा नियम वेगळा. तिथे आदेशाच्या तारखेपासून तुम्ही भागीदार राहत नाही, आणि करारपत्रात उलट लिहिलेलं नसेल तर अख्खी फर्म विसर्जित होते. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक फर्मचं भागीदारीपत्र छापील नमुन्यावर केलेलं असतं आणि त्यात हे कलमच नसतं. अर्जाआधी ‘एका भागीदाराच्या नादारीने फर्म विसर्जित होणार नाही’ अशी पुरवणी करून घेतली तर उरलेल्या भागीदारांचा धंदा वाचतो, अर्थात ते किमान दोघे असतील तरच.

नगरसेवकाबाबत चित्र उलट आहे. अर्ज प्रलंबित असताना १९२० चा कायदा पदाला हात लावत नाही. नादार ठरवणारा आदेश झाला की कलम ७३ नुसार स्थानिक संस्थेवर निवडून येता येत नाही, सभागृहात बसता किंवा मतदान करता येत नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना हे सारखंच लागू. आमदार-खासदारांसाठी राज्यघटनेच्या कलम १९१ आणि १०२ मध्ये सुटका न झालेला नादार अपात्र ठरतो.

वाशीच्या बाजार समितीत परवाना रद्द किंवा निलंबित करण्याच्या कारणांमध्ये परवानाधारकाची नादारी आहे. सरकारी नोकराने नादारीची कारवाई सुरू झाल्याबरोबर वरिष्ठांना कळवायचं असतं; लपवलं तर शिस्तभंगाची वेगळी भानगड मागे लागते. सोसायटीच्या कमिटीवर बसणाऱ्यांना जास्त धोका नादारीपेक्षा थकलेल्या मेंटेनन्सचा: मागणीची नोटीस मिळूनही ३ महिन्यांत भरला नाही तर थकबाकीदार म्हणून अपात्रता येते.

स्वतःच्या नावाने दुकान किंवा कामधंदा करायला बंदी नाही. पण सुटका न झालेला नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधारी घेतली तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की उधारीवर माल उचलताना दरवेळी पुरवठादाराला लेखी कळवायचं, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि तो मेसेज जपून ठेवायचा.

सुटका आणि तो दाखला

आदेशात कोर्ट एक मुदत देतं, तिच्या आत सुटकेचा अर्ज करायचा असतो. आदेश मिळाला, धनकोंचे फोन थांबले, की माणूस कोर्टाकडे पाठ फिरवतो आणि इथेच सगळं बिघडतं. मुदत चुकली तर आदेश रद्द होतो, संरक्षण जातं आणि धनको पुन्हा मोकळे होतात. कलम ७३ ची अपात्रता दूर होण्याचे मात्र दोनच मार्ग आहेत: कलम ३५ खाली आदेश रद्द होणं, म्हणजे देणी पूर्ण फेडली किंवा मुळात नादार ठरवायलाच नको होतं, किंवा सुटकेच्या आदेशासोबत ‘नादारी दुर्दैवाने आली, गैरवर्तनाने नाही’ असा दाखला मिळणं. मुदत चुकवून रद्द झालेला आदेश यातल्या कशातच बसत नाही.

निवडणूक लढवायची असेल किंवा सीएची सनद परत हवी असेल तर नुसती सुटका पुरत नाही, हा दाखला लागतोच. म्हणून सुटकेच्या अर्जातच त्याची वेगळी, स्पष्ट मागणी करा. तो देणं-न देणं कोर्टाच्या हातात असतं आणि नकाराविरुद्ध अपील आहे. पुरावा म्हणून मागच्या ३ वर्षांची नीट ठेवलेली हिशेबाची वही सगळ्यात मोलाची, कारण ती नसणं, दिवाळं निघालंय हे माहीत असूनही धंदा रेटत राहणं, किंवा मालमत्तेतून देण्याच्या रुपयामागे ५० पैसेही न निघणं (आणि त्याचा दोष तुमचा नाही हे दाखवता न येणं) ही पूर्ण सुटका नाकारण्याची कारणं आहेत. मोठ्या ग्राहकाने पैसे बुडवले, आग लागली, आजारपण आलं, तर त्याचे कागद, बिलं, पंचनामा, हॉस्पिटलची फाइल त्याच वेळी जमा करा.

सुटका झाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी राहतेच. जीएसटीची थकबाकी मोठी असेल तर तिच्यासाठी नादारीचा उपयोग नाही. तुमच्या कर्जाला जामीन राहिलेला भाऊ किंवा मित्रही तुमच्या सुटकेने सुटत नाही, हे त्याला आधीच सांगा.

एनसीएलटीत काय वेगळं

इथे अर्जाची फी २००० रुपये. अर्ज दाखल करून घेतल्यावर १८० दिवसांची स्थगिती, त्या काळात परतफेडीचा आराखडा, आणि मूल्याच्या हिशेबाने तीन चतुर्थांशाहून जास्त धनकोंची संमती. आराखडा मंजूर झाला आणि पाळला तर दिवाळखोर ठरण्याची वेळच येत नाही. हा या मार्गाचा खरा फायदा आहे. आराखडा फेटाळला किंवा मोडला, तर पुढे दिवाळखोरीचा आदेश. त्यानंतर कंपनीचं डायरेक्टरपद, कंपनी उभारणी किंवा व्यवस्थापनात सहभाग, विश्वस्तपद, लोकसेवकाचं पद, कोणतंही निवडून येण्याचं पद, सगळं बंद. परदेशात जायलाही न्यायाधिकरणाची परवानगी. १९२० च्या कायद्यापेक्षा ही बंधनं जास्त रुंद आहेत, पण मुदत आखीव आहे: आदेशानंतर वर्षभराने ट्रस्टीने (मालमत्ता सांभाळणाऱ्याने) सुटकेचा अर्ज करायचा असतो, आणि सुटकेबरोबर संहितेतली अपात्रता आपोआप जाते. दुर्दैवाचा दाखला इथे लागत नाही.

घराबाबत मात्र आशा कमी ठेवा. बोजा नसलेलं एकच राहतं घर वगळलं जातं, पण शहरात २० लाख रुपयांच्या मूल्यापर्यंतच. माजिवडा किंवा सीवूड्सला या किमतीत फ्लॅट बसणं अवघड.

दोन्ही मार्गांत एक गोष्ट कायमची राहते. एकदा नादार ठरलेली व्यक्ती सुटका होऊनही मॅनेजिंग डायरेक्टर किंवा पूर्णवेळ डायरेक्टर होऊ शकत नाही आणि बँकेत नोकरीला लागू शकत नाही. साधं डायरेक्टरपद सुटकेनंतर घेता येतं. बँकेत नोकरीला असाल किंवा कंपनीचं पूर्णवेळ व्यवस्थापन तुमच्याकडेच राहायला हवं असेल तर नादारीचा आदेश कोणत्याही मार्गाने येऊ देऊ नका. मालमत्ता विकून एकेका धनकोला पूर्ण फेडणं हाच तुमचा मार्ग आहे, महाग पडला तरी. प्रोप्रायटर असून कोणतंही पद नसेल आणि हुकूमनाम्यांच्या जप्त्या मागे लागल्या असतील तर जिल्हा न्यायालय योग्य, फक्त सुटकेची तारीख वकिलाच्या डायरीसोबत स्वतःच्या फोनमध्येही नोंदवून ठेवा. पुढची महापालिका निवडणूक लढवायची असेल तर निवडणुकीच्या आधी सुटका आणि दाखला दोन्ही मिळतील इतका वेळ हातात आहे का, हे अर्ज करण्यापूर्वी मोजा.