‘एल्डन रिंग’: उत्तरार्धातील बॉस-लढतींची प्रतवारी

फ्रॉमसॉफ्टवेअरने २०२२ मध्ये आणलेल्या ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमच्या उत्तरार्धातील बॉसशी, म्हणजे बलाढ्य प्रमुख शत्रूंशी होणाऱ्या लढतींमध्ये मी पहिला क्रमांक निःसंकोचपणे गॉडफ्रीला देतो. कुऱ्हाडीने आणि जमीन हादरवणाऱ्या पदाघातांनी लढत असलेला हा राजा मध्येच पाठीवरच्या सेरॉश या सिंहाला स्वतःच्या हातांनी ठार करतो, होरा लू हे आपले मूळ नाव उच्चारतो आणि मग शस्त्र टाकून खेळाडूला पैलवानासारखा उचलून आपटतो. त्याच्या प्रत्येक हल्ल्याची चाहूल आधी लागते, त्यामुळे हरल्यावरही कुठे चुकले हे कळते.

दुसरा मॅलिकेथ, त्याच्या काळ्या तलवारीचा घाव बसल्यावर प्राणशक्तीची कमाल मर्यादाच काही काळ घटते, म्हणून मार खात खात जिंकण्याचा मार्ग येथे बंद होतो.

मलेनियाला तिसरे स्थान देणे अनेकांना पटणार नाही. तिची लढत देखणी आहे, परंतु ढालीवर अडवलेल्या वारानेही तिची प्राणशक्ती भरून निघते आणि हवेत झेपावून होणारी तिची वारांची सरबत्ती जवळून चुकवणे जवळपास अशक्य ठरते. सावध बचावालाच अशी शिक्षा मिळणे मला अन्यायाचे वाटते.

एल्डन बीस्ट दृश्यदृष्ट्या अप्रतिम असला, तरी सतत दूर पळतो. जून २०२४ च्या अपडेटने तेथे खेळाडूच्या टॉरेंट या घोड्यावरून लढण्याची सोय केली, ती आधीच हवी होती. फायर जायंट त्याखाली, आणि सर्वांत शेवटी गॉडस्किन जोडी.