बशी मिळते का? आठ महिन्यांचे शनिवार आणि मुंबईतले कॅफे

बिलात 'शेअरिंग' या नावाखाली साठ रुपये लागले नसते, तर मी हे लिहायला बसले नसते. त्या साठ रुपयांकडे येतेच, पण आधी हे शनिवार कसे सुरू झाले ते सांगते.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरायला बाबा तयार नाहीत. चालायचं तर कुठेतरी पोचण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नोव्हेंबरपासून नेम धरला. दर शनिवारी सकाळी मुलुंडहून स्लो लोकल पकडायची, माटुंगा, दादर किंवा थेट सीएसएमटीला उतरायचं, झेपेल तेवढं चालायचं, चहा-नाश्ता करायचा आणि ऊन चढायच्या आत घरी. लग्नकार्यात आणि आजारपणात चुकले ते सोडून सत्तावीस शनिवार झाले. हिशेबाची वही माझ्याकडे आहे. कुठला कॅफे जुना, कुठला फोटोत छान दिसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ते पुन्हा सांगत नाही. सत्तर-ऐंशीच्या माणसाला घेऊन वारंवार गेल्यावर काय टिकतं, एवढंच सांगते.

आमची कसोटी एकच आहे: बशी. बाबा फोर्टातल्या तार ऑफिसात होते. पाळीची नोकरी, मध्ये मोजून दहा-बारा मिनिटांची सुट्टी. कपातला चहा तेवढ्यात पिण्याजोगा होत नाही. बशीत ओतला की पातळ थर पसरतो, वारा लागतो आणि दोन फुंकरांत ओठाला लावता येतो. मी घरी घड्याळ लावून पाहिलं. कपात ज्याला आठ-नऊ मिनिटं लागतात, ते बशीत एका मिनिटाच्या आत होतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी बाबांना कपातून चहा पिता येत नाही. जीभ भाजते म्हणतात, आणि खरंच भाजते. आता कुणी म्हणेल की बशीत काय एवढं? मीही डिसेंबरपर्यंत तेच म्हणत होते.

पहिले दीड-दोन महिने आम्ही इराण्यांकडेच, म्हणजे जुन्या इराणी कॅफेंतच गेलो. सीएसएमटीला उतरून महापालिका मार्गाने, कामा हॉस्पिटल आणि झेवियर्सवरून मेट्रो सिनेमाच्या चौकापर्यंत. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं, आम्हाला सुरुवातीला अर्धा तास. चौकात जेर महालच्या इमारतीत कयानी. 1904 पासून तिथेच. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या कपाटात खारी आणि बिस्किटं. सकाळी लवकर गेलं की बसा, घाई नाही. ब्रून मस्का आणि चहा मागवायचा. ब्रून म्हणजे कडक पाठीचा पाव. नुसता खाल्ला तर बाबांच्या दाढेला लागतो, चहात बुडवला की नेमका मऊ होतो. दोघांचा चहा आणि एक ब्रून मस्का माझ्या वहीत कायम दीडशेच्या आत आहे. मुंबईत दीडशेत दोघांनी टेबलावर पाऊण तास बसायचं, हे अजून कुठे शक्य आहे ते मला दाखवा.

आणि बशी. जाड, पांढरी. मधे कपाचा बूड बसेल एवढा गोल खळगा आणि काठ बोटभर वर आलेला. या काठावर सगळं आहे. बाबा अंगठा वरून काठावर टेकवतात, खालून तीन बोटांचा आधार देतात आणि अर्धा कप त्यात ओततात. अर्धाच, कारण काठापर्यंत भरली तर उचलताना सांडते. मग एक फुंकर, चहावर बारीक सुरकुती उठते, ती विरली की घोट. टेबलावर एक थेंब पडत नाही.

तिथून पुढे मरीन लाइन्सकडे सरकलं की ससानियन, 1913 चं. गर्दी कमी, आवाज कमी. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून बोलायचं असेल तेव्हा आम्ही तिथे जातो. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया (1923) चहाचं ठिकाण नव्हे, ते दुपारच्या जेवणाचं. इराणहून येणाऱ्या आंबट लाल बेरींचा पुलाव आणि वर कॅरामल कस्टर्ड. एकदा गेलो, जेवलो, तृप्त झालो, पण रोजच्या हिशेबात ते बसत नाही. कुलाब्याच्या लिओपोल्ड आणि माँडेगारबद्दल बरेच जण विचारतात. मारिओ मिरांडांची भिंतीवरची चित्रं पाहायला माँडेगारला जरूर जा, पण सकाळच्या चहाला बाबांना घेऊन जाण्याची ती जागा नाही.

फोर्टात गेलो की बाबा याझदानी बेकरीचं नाव काढतातच. पगाराच्या दिवशी तिथले गरम ब्रून कागदात गुंडाळून मुलुंडपर्यंत आणायचे. घरी येईस्तोवर कागदाला तूप सुटल्यासारखा डाग पडलेला असायचा, आणि आम्ही भावंडं पावाआधी कागदाचा वास घ्यायचो.

आता साठ रुपये. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मेगाब्लॉकच्या (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद) भीतीने आम्ही लांब न जाता घराजवळच्याच एका नव्या, चकाचक कॅफेत गेलो. नाव लिहीत नाही. मी कॉफी आणि बाबांसाठी मसाला चहा मागवला. चहा आला उंच, जाड मगातून. कान एवढा लहान की बाबांचं बोट आत जाईना. मी बशी मागितली. मुलाने केकची सपाट ताटली आणून ठेवली. बाबांनी सवयीने त्यात ओतलं. काठच नव्हता, चहा चारही बाजूंनी वाहिला आणि शर्टाच्या बाहीवर, मांडीवर आला. नशीब, भाजलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, रुमालाने टेबल पुसत राहिले. स्वतःचा शर्ट ओला, आणि पुसत होते टेबल. त्यांचं ते गप्प बसणं मला अजून खुपतं.

बिल आलं. चहा 190, कॉफी 260, त्याखाली 'शेअरिंग' 60, त्याखाली दहा टक्के सेवा शुल्क, मग कर. मी विचारलं, शेअरिंग कसलं? मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एक्स्ट्रा प्लेट मागितली की लागतं, सिस्टीममध्ये आहे." मी म्हटलं, आम्ही दोन माणसं आणि दोन पेयं घेतली, वाटून काही घेतलेलं नाही, बशी चहा गार करायला मागितली. तो पुन्हा सिस्टीमवर. वीस मिनिटं गेली. आजूबाजूची माणसं बघायला लागली आणि बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, साठ रुपयांनी काय होतंय." मी जाऊ दिलं नाही. साठ रुपये कमी करायला लावले आणि सेवा शुल्कही काढायला लावलं.

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. सेवा शुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने लपवताही येत नाही. काढा म्हणून सांगायचं. काढलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मी फोन टेबलावर ठेवून नुसता आकडा दाबला, तेवढ्यावर काम झालं. आवाज चढवायचा नाही, फक्त उठायचं नाही.

त्या रात्री रागाच्या भरात मी हे लिहायला घेतलं आणि क्रमवारी लावली. पहिले इराणी, मग दादरचं प्रकाश (साबुदाणा वडा आणि पियूष, चहासाठी नव्हे, पण बाबांना पियूष जीव की प्राण), आणि शेवटी माटुंगा. माटुंगा शेवटी का, तर तिथे बशी नसते. उडुप्यांकडे स्टीलचा पेला आणि खोल वाटी येते, त्याला काय करायचं?

तो परिच्छेद आता पूर्ण खोडून पुन्हा लिहितेय.

मार्चमध्ये एका शनिवारी आम्ही माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला रामाश्रयमध्ये गेलो. 1939 पासूनचं, स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर. आदल्या खेपेला उपीट आणि अननसाचा शिरा खाऊन निघालो होतो. कॉफी बाबांनी टाळली होती. या खेपेला मी मागवली. पेला वाटीत उभा करून आला, वर फेस. बाबांनी पेल्याला हात लावला, चटका बसला, ठेवून दिला. इकडेतिकडे बघून वाढणाऱ्या काकांना म्हणाले, "बशी आहे का हो?"

ते वयाने बाबांपेक्षा दहाएक वर्षांनीच लहान असतील. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "बाबूजी, ये है ना आप का बशी." पेला काठाला धरून उचलला, सगळी कॉफी वाटीत ओतली, वाटीतून परत पेल्यात, हात लांब करत हातभर उंचीवरून. तीनदा. एक थेंब बाहेर नाही. चौथ्यांदा अर्धी वाटीत, अर्धी पेल्यात ठेवून वाटी बाबांच्या पुढे सरकवली. "अब पीओ." बाबांनी वाटी उचलली. काठ बाहेरच्या बाजूला वळलेला होता, तिथे अंगठा बरोबर बसला. घोट घेतला, आणि मग बराच वेळ ते वाटी फिरवून फिरवून बघत होते.

घरी येताना गाडीत म्हणाले, "बशीपेक्षा हे बरंय. सांडायची भीती नाही." ज्या माणसाने पन्नास वर्षं बशी सोडली नाही, त्याने हे म्हणावं!

मग मी नीट विचार केला. बशी काय करते? पृष्ठभाग वाढवते, म्हणून लवकर निवतं. वाटी तेच करते, वर ओतता ओतता हवा लागते, तळाशी बसलेली साखर विरघळते आणि फेस येतो. खोल असल्यामुळे चालत्या गाडीत धरली तरी चालेल. बशीत एकदा ओतलेला चहा परत कपात घालायला गेलं तर सांडतो, इथे हवं तितक्या वेळा मागे-पुढे करता येतं. म्हणजे मी इतके महिने ज्याला खोट म्हणत होते तीच खरी सोय होती. डिकॉक्शनमध्ये, म्हणजे कॉफीच्या दाट अर्कात, चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते, त्यामुळे कॉफी दाट आणि किंचित कडवट लागते; बाबांना आधी ती औषधासारखी वाटली, तिसऱ्या खेपेपासून साखर कमी सांगायला लागले.

तेव्हापासूनच्या चौदा शनिवारांपैकी नऊ माटुंग्यात गेले. आता क्रम असा. गर्दी नको असेल तर रामाश्रय, सकाळी आठच्या आत. फळ्यावरचे त्या दिवसाचे पदार्थ आधी वाचा, मग बसा. कॅफे मद्रास (1940) किंग्ज सर्कलच्या बाजूला. रसम वडा आणि नाचणीचा डोसा यांसाठी चालत जावं असंच आहे, पण रविवारी नाव लिहून रस्त्यावर उभं राहावं लागतं. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर रविवार टाळा, मधल्या वारी जा. आणि एकाला चहा, एकाला कॉफी असा घरात वाद असेल तर माहेश्वरी उद्यानाच्या, म्हणजे किंग्ज सर्कलच्याच, चौकातला कूलर हा इराणी आहेच. एकाच फेरीत दोन्ही होतं. आम्ही कॉफी आधी घेतो, मग सर्कलपर्यंत चालतो, मग कूलरमध्ये बनमस्का एकात दोघं. तिथे वाटून खाल्ल्याचे पैसे कुणी लावत नाही.

कयानी सुटलं का? नाही. महिन्यातला पहिला शनिवार अजून त्याचाच. मेट्रोच्या चौकापर्यंतचं अंतर आता बाबा वीस मिनिटांत कापतात, मधे एकदाच थांबून. चहा आजही बशीतूनच.

घरी कॉफीसाठी पेला-वाटी घ्यायची असेल तर माटुंग्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळते. घेताना वजन नका बघू, वाटीचा काठ बघा. तो बाहेर वळलेलाच हवा, नाहीतर स्टील तापून बोटं पोळतात. आम्ही पहिली जोडी चाळीस रुपये स्वस्त म्हणून सरळ काठाची आणली. ती आता आमटी वाढायला आहे.