पहिली चाल बसवायला 48 बासचा अकॉर्डियन कसा आहे?

नाशिकमध्ये अकॉर्डियन घ्यायला निघालेल्या माणसासमोर बहुधा दोन पर्याय येतात. कुठल्या तरी जुन्या ऑर्केस्ट्रातून बाहेर पडलेलं 120 बासचं (म्हणजे डाव्या हाताला 120 बटणं असलेलं) युरोपीय धूड, किंवा 26 पट्ट्या आणि 48 बासचा नवा, चिनी बनावटीचा विद्यार्थी अकॉर्डियन. हे परीक्षण दुसऱ्या पर्यायाचं. निकाल आधीच सांगतो: पहिली चाल बसवायची असेल तर हाच घ्यावा, पण दुकानात तपासूनच. 120 बासचं वजन दहा-अकरा किलोपर्यंत जातं आणि नवशिक्याचा डावा हात चाल वाजवायच्या ऐवजी भाता उचलण्यातच खर्ची पडतो. 48 बास पाच-सहा किलोत मावतो. आठ बासचे खेळण्यातले नग मात्र मुलांच्या वाढदिवसापुरतेच ठीक.

नाशकात शिकणारा बहुतेक वेळा पेटीवरून आलेला असतो, म्हणून अडचणीही पेटीच्याच सवयींच्या. पट्ट्या ओळखीच्या वाटतात, पण गळ्यात घातल्यावर खर्ज हनुवटीकडे येतो आणि तार सप्तक जमिनीकडे जातं. वाकून बघायची सवय लागली की मान आखडते आणि भाता वाकडा होतो, त्यामुळे बोटांनीच जागा शोधायची. 26 पट्ट्यांची नेहमीची रचना पांढऱ्या ‘नी’वरून सुरू होते. म्हणजे पांढरी एक (पाश्चात्त्य C सूर) दुसऱ्या, चौदाव्या आणि सव्विसाव्या पट्टीवर येते. सा चौदाव्या पट्टीवर धरला तर खाली पूर्ण सप्तक मिळतं आणि वर पूर्ण सप्तक. दुसऱ्या पट्टीवर सा धरणाऱ्याला मंद्र पंचमाला उतरायची वेळ आली की जागाच उरत नाही.

आता भाता. पेटीच्या भात्यात हवा साठते आणि दोन झटक्यांत काम भागतं. इथे साठा नाही. डावा हात जेवढं ढकलेल किंवा ओढेल तेवढाच आवाज. पट्टी कितीही जोराने दाबली तरी सूर मोठा होत नाही, उलट मनगट आखडतं. खांद्याचा डावा पट्टा उजव्यापेक्षा इंचभर आखूड ठेवावा आणि भात्याची खालची कड डाव्या मांडीवर टेकवावी. उघडताना भाता वरून पंख्यासारखा उघडतो, खालची कड फारशी हलत नाही. केरव्याच्या ठेक्यात आठ मात्रा उघडायच्या आणि पुढच्या आठ मात्रा मिटायच्या. दिशा समेवर बदलायची. लांबलेल्या सुराच्या मध्ये दिशा बदलली की चाल उचकी लागल्यासारखी तुटते, आणि नव्वद टक्के वेळा नवशिक्याला वाटतं की बोट चुकलं. आधी फक्त सा धरून दहा मिनिटं ही उघडझाप करावी, मग सा-रे-ग-म-प पाच बोटांत. भाता पूर्ण उघडला गेला तर डाव्या अंगठ्याजवळचं हवेचं बटण दाबून तो आवाज न करता मिटता येतो. हे बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बोटाला सापडायला हवं.

डाव्या बाजूला बारा तिरक्या ओळी आणि चार उभ्या रांगा. खड्डा पडलेलं बटण म्हणजे पांढरी एक. त्याच्या वरची, हनुवटीकडची ओळ पंचमाची आणि खालची मध्यमाची. म्हणजे सा, म, प शेजारी शेजारी, आणि साध्या चालीला तेवढं पुरतं. खड्ड्याच्या बटणावर मधलं बोट, त्याच ओळीतल्या मेजर कॉर्डवर (एका बटणावर एकत्र वाजणारे सूर) तर्जनी, आणि ठेका ‘बास-कॉर्ड-बास-कॉर्ड’. बटण टोचून सोडायचं. दाबून धरलं की कॉर्ड चालीवर बसतो आणि सूर झाकले जातात. यमनाच्या वळणाची चाल असेल तर शुद्ध मध्यमाचा कॉर्ड तीव्र मध्यमाशी भांडतो. तिथे कॉर्ड सोडून द्यावेत आणि सा-पाचे बास हलके धरून तंबोऱ्याचं काम घ्यावं.

काळी एकमध्ये (पांढरी एकच्या लगेच वरच्या सुरात) गाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक 48 बासमध्ये काळी एकची ओळ सगळ्यात खाली असते, तिच्या खाली मध्यमाची ओळच नाही, ती थेट वरच्या टोकाला सापडते. पहिली चाल पांढरी एकमध्येच बसवावी.

आता खोडी. सोबत येणारे पट्टे पातळ असतात आणि खांद्यात रुततात; बॅगा शिवणाऱ्याकडून रुंद, अस्तर घातलेले करून घ्यावेत. बासची बटणं खडखडतात, विशेषतः शांत खोलीत. दोन रीड (सुराच्या पात्या) एकत्र वाजणाऱ्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आवाजाचा पोत बदलणाऱ्या कळीवर, सूर मुद्दाम थोडा लहरता ठेवलेला असतो. ऐकायला गोड, पण कान तयार होईपर्यंत एकेरी रीडच्या रजिस्टरवरच सराव करावा.

दुकानात काय बघायचं? भात्याच्या वाद्या सोडून वाद्य पट्ट्यांच्या बाजूने उभं धरा, काहीही दाबू नका. खालची बाजू सावकाश सरकली तर ठीक. धपकन उघडली तर हवा गळते. प्रत्येक पट्टी उघडताना आणि मिटताना वेगवेगळी वाजवा, कारण प्रत्येक सुराला दोन दिशांसाठी दोन वेगळ्या पात्या असतात. एका दिशेला मुका असलेला सूर म्हणजे अडकलेली किंवा घाण बसलेली पाती. आत गेलेलं बास-बटण दिसलं तर तो नग घेऊ नका. कुबट वास आला तरी परत ठेवा.

दुरुस्तीबद्दल स्पष्ट बोलायचं तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे रीड घासायला देऊ नये. पेटीची पाती पितळी, इथली पोलादी आणि प्लेटीसकट मेणाने बसवलेली. हातोटी वेगळी आहे. भात्याचा कोपरा सुटला तर तो करू शकेल. सुरांच्या कामासाठी मुंबई-पुण्याकडे चौकशी करावी.

मेणामुळेच मे महिन्यात गंगेवर (गोदावरीच्या घाटावर) गाडी उभी करून अकॉर्डियन डिकीत ठेवू नये. मेण मऊ झालं की रीडच्या प्लेटी सरकतात. पावसाळ्यात पोलादाला गंज चढतो, म्हणून अकॉर्डियनच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि रोज थोडं वाजवणं. ठेवताना वाद्य गळ्यात असतं तसं उभं ठेवा, आडवं पडून राहिलं तर रीडवरच्या चामड्याच्या झडपा लोंबतात आणि मग सूर उशिरा उठतो.