300 बार दाखवणारं मशीन आणि माझे 90 सेकंद

ज्यानं मला वापरलेला कॉम्प्रेसर, म्हणजे प्रचंड दाबानं हवा भरणारं मशीन, विकताना फसवलं तो एकही वाक्य खोटं बोलला नाही, म्हणून हे लिहितोय. सरळ खोटं बोलला असता तर कदाचित पकडला असता. तो म्हणाला, "साहेब, मशीन 300 बार मारतं," आणि मशीननं माझ्या डोळ्यांदेखत 300 बार मारले. (बार हे हवेचा दाब मोजायचं एकक.) मी खूश झालो, पैसे मोजले आणि 30 किलोच्या आसपासचा तो लोखंडी ठोकळा गाडीत घातला.

आधी माझी अवस्था सांगतो, कारण फसणाऱ्याची अवस्था हीच फसवणाऱ्याची निम्मी कमाई असते. माझ्याकडे पीसीपी रायफल आहे, म्हणजे दाबलेल्या हवेवर छर्रा मारणारी बंदूक. पीसीपीमध्ये हवा आधीच भरून ठेवावी लागते, माझ्या रायफलीत 200 बारपर्यंत. गाडीच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते, म्हणजे हे त्याच्या शंभरपट. दोन वर्षं हातपंपानं भरली. 150 बारपर्यंत पंप माणसासारखा वागतो, त्यापुढे अख्खं शरीर दांडीवर टाकावं लागतं. मग हात थरथरतात, आणि थरथरत्या हातांनी नेम धरायचा. पुढे 6.8 लिटरचा, 300 बारचा कार्बन फायबरचा सिलिंडर घेतला. तो संपला की डायव्हिंगवाल्यांकडे नेऊन भरून आणायचा. तिथली माणसं चांगली, पण बंदुकीसाठी म्हटलं की चेहरा असा करायची की मीच संकोचायचो. स्वतःचा कॉम्प्रेसर हवा, हे डोक्यात पक्कं बसलं. नवा परवडत नव्हता. तेव्हा वापरलेला, "दोन-तीन तासच चाललेला" एक समोर आला.

दोन टप्प्यांचं, पाण्यानं थंड होणारं मशीन. बादलीत छोटा पंप सोडायचा आणि मशीन सुरू करायचं. पाटीवर मिनिटाला 50 लिटर हवा असं लिहिलेलं. रंग चकचकीत, तेलाच्या काचेतून दिसणारं तेल मधासारखं स्वच्छ. हवेतलं पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर मात्र लावलेला नव्हता. "आतला एलिमेंट बदलायचाय म्हणून काढून ठेवलाय, देतो सोबत," तो म्हणाला. होजच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या, टोकाला त्यानं बंद प्लग लावला, बटण दाबलं, आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढू लागला. 100. 200. 250. दीड मिनिटात 300. साठलेली हवा आणि पाणी सोडायचा ब्लीड व्हॉल्व उघडला, फुस्स करून हवा गेली, मशीन बंद. "बघितलंत ना?"

बघितलं होतं. त्यानं आणखी एक सिलिंडरही देऊ केला, फुकट. उलटून पाहिला तर मानेवरचे शिक्के घासून काढलेले. उत्पादनाचं वर्ष, कामाचा दाब, चाचणीची तारीख, सगळं गायब. ज्या सिलिंडरवर हे वाचता येत नाही त्यात हवा भरायची नसते, एवढं मला ठाऊक होतं. मी तो बाणेदारपणे नाकारला. आणि माझा घात इथेच झाला असं आता वाटतं. सिलिंडरची लबाडी ओळखली म्हणून स्वतःवर इतका खूश झालो की मशीनकडे पुन्हा वळून बघितलंच नाही.

घरी आणून 6.8 लिटरचा सिलिंडर जोडला. आत 100 बार शिल्लक होते. 100 वरून 300 म्हणजे 200 बार, गुणिले 6.8, म्हणजे बाहेरची, न दाबलेली 1360 लिटर हवा. मिनिटाला 50 लिटरनं 27 मिनिटं. चहा होईपर्यंत होईल म्हटलं. 40 मिनिटांनी काटा 130 वर होता. मशीनच्या डोक्यावर हात ठेववत नव्हता आणि बादलीतलं पाणी कोमट झालं होतं. फोन केला तर उत्तर तयार होतं: "हवा गरम असते साहेब, थंड झाली की दाब उतरतो." हे खरं आहे. भरताना तापलेला सिलिंडर निवला की काटा थोडा खाली येतोच. पण माझा काटा उतरत नव्हता, तो चढतच नव्हता. खरं वाक्य चुकीच्या ठिकाणी ठेवायची कला त्याला चांगली अवगत होती.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. 30 बार गुणिले 6.8 म्हणजे 204 लिटर, 40 मिनिटांत. मिनिटाला 5 लिटर. पाटीवरच्या आकड्याचा दहावा हिस्सा. मग प्रश्न पडला, एवढं मेलेलं मशीन त्या दिवशी 300 पर्यंत पोहोचलं कसं?

दुसऱ्या दिवशी होज आणि मशीनचा पाणी-तेल वेगळं करणारा छोटा डबा सोडवला, इंजेक्शनच्या सिरिंजनं पाण्यानं भरून मोजला. सगळं मिळून 25 मिलिलिटर. तेवढ्या जागेत 300 बार करायला हवा लागते साडेसात लिटर. मिनिटाला 5 लिटर देणारं मशीनही ती दीड मिनिटात भरतं. म्हणजे तोंड बंद केलेल्या होजवर अर्धमेला कॉम्प्रेसरही 300 दाखवू शकतो. गेज दाब दाखवतं, हवा किती येते ते नाही. मी दाब विकत घेतला होता, मला हवी होती हवा. फिल्टर का काढून ठेवला होता, तेही तेव्हा कळलं. फिल्टरची जागा वाढली असती तर काटा आणखी रेंगाळला असता.

आणि खरी बोच पुढे आहे. धडधाकट मशीनला त्या साडेसात लिटरला 9-10 सेकंद लागायला हवे होते. त्याच्या मशीनला 90 लागले. लबाडी दीड मिनिट माझ्यासमोर उघडी नाचत होती आणि मी काट्याकडे कौतुकानं बघत होतो. मनगटावर घड्याळ होतं.

मशीन उघडलं ते एका जाणकार मित्राच्या मदतीनं. वरून कीर्तन, आतून तमाशा. रंगाखाली बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे होते, म्हणजे ते यापूर्वी अनेकदा उघडलेलं. उच्च दाबाच्या पिस्टनवर उभ्या रेषा आणि रिंगा झिजून काळ्या पडलेल्या. मधासारखं तेल विकण्याआधी नुकतंच घातलेलं असणार. तळाशी जुन्या तेलाचा दुधी-करडा थर तसाच होता, म्हणजे तेलात पाणी मिसळत होतं. सोबत त्यानं एक बिनलेबलची तेलाची बाटलीही दिली होती. ती मी वापरली नाही. कुठलंही तेल इथे चालत नाही. तापलेल्या, दाबाखालच्या हवेत चुकीचं तेल डिझेल इंजिनसारखं पेट घेऊ शकतं. हवा गळू नये म्हणून असलेल्या रबरी ओ-रिंगांनाही म्हणूनच पेट्रोलियमचं ग्रीस लावत नाहीत, सिलिकॉनचं लावतात.

बर्स्ट डिस्कपाशी येऊन मित्र गप्प झाला. ही नाण्याएवढीसुद्धा नसलेली पातळ चकती असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती फाटते, हवा बाहेर पडते, माणूस वाचतो. आमच्या मशीनमध्ये एकावर एक दोन चकत्या होत्या. एक सारखी फाटत असेल म्हणून कुणीतरी दुसरी घातली. मी त्या मशीनशेजारी 40 मिनिटं खुर्ची टाकून बसलो होतो.

रायफलीचं नुकसान मात्र माझ्याच उतावीळपणानं झालं. मशीन निकामी आहे हे कळेपर्यंत चार वेळा मी फिल्टरशिवाय थेट रायफल भरली. तिची टाकी लहान, ती भरत होती, म्हणून वाटलं चाललंय की. 30 अंशाच्या दमट हवेत दर 1000 लिटरमागे 20 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. 200 पट दाबलं की त्यातलं बहुतेक सगळं पाणी होऊन बाहेर येतं. फिल्टर आणि पाच-दहा मिनिटांनी उघडायचा ब्लीड व्हॉल्व यासाठीच असतात. पांढऱ्या टिश्यूवर हवा सोडून पाहिली तर तपकिरी, ओलसर डाग पडला. रायफलीतला दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर उघडावा लागला, रिंगा बदलाव्या लागल्या.

विकणाऱ्याला पुन्हा फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी काय म्हणालो होतो? 300 बार. तुमच्यासमोर गेलं की नाही?" मग फोन बंद. तक्रार काय करणार होतो? मशीन 300 मारत नाही असं मलाच म्हणता येत नव्हतं. सामान तोडून मोडीत काढलं. चकत्यांची ती जोडी ठेवली आहे.

पुढचं मशीन पाहायला जाताना स्वतःचा सिलिंडर घेऊन गेलो, मुद्दाम 100 बारवर ठेवलेला. पहिल्या विक्रेत्यानं बंद प्लग काढायलाच नकार दिला, म्हणाला एवढा वेळ चालवलं तर गरम होईल. ज्याला गरम होण्याची इतकी भीती ते मशीन मला भरायला काय कामाचं? तसाच परत आलो. दुसरा तयार झाला. मशीन थंड असताना सुरू करायला सांगितलं, कारण आधी चालवून ठेवलेलं मशीन काय लपवतं ते सांगता येत नाही. 100 वरून 130 व्हायला 4 मिनिटं 20 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 47 लिटर. पाटीवर 50 होतं, तेवढी घट मला चालणार होती. टिश्यूवर हवा सोडली, कोरडी. तो पैशांकडे बघू लागला. मी पान्याकडे बोट दाखवून म्हणालो, "आता बर्स्ट डिस्क उघडून दाखवा."