जोएल ओस्टीनचा पॉडकास्ट: सहा महिने बसमध्ये ऐकल्यावर

स्वारगेट ते हिंजवडी कंपनीची बस, जायला दीड तास, यायला पावणेदोन, आणि वाकडच्या पुलाखाली अडकलो तर काही सांगायची सोय नाही. गाण्यांचा कंटाळा आला होता म्हणून ऑफिसातल्या एका मित्राने हा पॉडकास्ट लावून दिला, म्हणे तू ख्रिश्चन आहेस ना, तुला आवडेल. आता ख्रिश्चन म्हणजे आमचं आपलं गुरुवार पेठेतलं पाच हौदाचं चर्च, रविवारची मराठी उपासना, रेव्हरंड टिळकांची पदं, आणि उपदेश लांबला की मागच्या बाकावर जांभया. आणि हा जोएल ओस्टीन म्हणजे अमेरिकन उपदेशक, तिकडे ह्यूस्टनला सोळा हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये बोलतो. तो हॉल आधी बास्केटबॉलचा होता, ह्यूस्टन रॉकेट्सची टीम तिथे खेळायची, 2005 ला यांचं लेकवुड चर्च त्यात शिफ्ट झालं आणि 2010 ला ती बिल्डिंग यांनी 75 लाख डॉलरला विकतच घेतली. म्हणजे आपल्या बालेवाडीच्या स्टेडियममध्ये रविवारी उपासना भरल्यासारखं.

तर आधी माल कसा आहे ते. फुकट आहे, एक एपिसोड साधारण अर्ध्या तासाचा. सुरुवातीला एक जोक, बहुतेक वेळा पांचट, मग सगळे लोक आपापलं बायबल वर धरून एक ठरलेली प्रतिज्ञा म्हणतात, शाळेत आपण 'भारत माझा देश आहे' म्हणायचो तशी एका सुरात, आणि मग एकच मुद्दा पुढची वीस-पंचवीस मिनिटं घोळवून घोळवून. इंग्रजी इतकं सोपं की मराठी मीडियमवाल्याचं एक वाक्य सुटत नाही. ओरडणं नाही, नरकाची भीती नाही, कुणाला शिव्या नाहीत. सकाळी सव्वासातला, पोटात फक्त चहा असताना, हे बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण इतकं गुळगुळीत कसं काय हा प्रश्न मला दुसऱ्याच आठवड्यात पडला आणि मग मी त्याच्याबद्दल वाचत सुटलो. गंमत म्हणजे हा मुळात पाळक, म्हणजे पास्टर, नाहीच, हा कॅमेरावाला! वडील जॉन ओस्टीन यांनी 1959 ला जनावरांचं खाद्य विकायच्या एका बंद पडलेल्या दुकानात चर्च सुरू केलं. हा कॉलेज अर्धवट सोडून घरी आला आणि 17 वर्षं वडिलांच्या उपदेशांचं टीव्हीचं काम बघत बसला, शूटिंग, एडिटिंग, कुठला शॉट कुठे कापायचा. स्टेजवर यायला चक्क नाही म्हणायचा. जानेवारी 1999 मध्ये वडील हॉस्पिटलमध्ये असताना पहिल्यांदा उभा राहिला, तेही वडिलांचेच बूट घालून, आणि त्याच आठवड्यात वडील गेले. आपल्याकडे बापाची चप्पल मुलाच्या पायात आली की मुलगा मोठा झाला म्हणतात, इथे शब्दशः तेच झालं. इकडे आमच्या बिबवेवाडीच्या सेमिनरीत पोरं ग्रीक-हिब्रूशी झटापट करत पाळक होतात आणि हा कुठलीही डिग्री न घेता देशातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक चालवतो. चिडायचं की टाळी द्यायची, माझं अजून ठरलेलं नाही. हे कळल्यावर मात्र ऐकायची पद्धतच बदलली, आता मला उपदेशापेक्षा एडिटिंगच जास्त ऐकू येतं. (लग्नाचा किस्सापण भारी आहे, घड्याळाची बॅटरी बदलायला ज्वेलरीच्या दुकानात गेला आणि काउंटरवर व्हिक्टोरिया होती. मी लक्ष्मी रोडवर दहा वेळा सेल बदललाय, दरवेळी काउंटरवर काकाच.)

घरी एकदा टीव्हीवर यूट्यूबला लावला. आजी मेथी निवडत बसली होती, तिला इंग्रजी फार येत नाही, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे, क्रूस कुठंय?" खरंच नाहीये! मागे भलामोठा सोनेरी पृथ्वीचा गोल फिरतोय, क्रूस नाही. "मग हे पाळकसाहेब सांगतायत तरी काय?" म्हटलं, सगळं चांगलं होईल म्हणतायत. आजी "बरं" म्हणून परत मेथीकडे.

आता खटकतं काय ते. त्याच्या आईला 1981 ला यकृताचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी काही आठवडे दिले होते आणि ती त्यानंतर कित्येक वर्षं ठणठणीत राहिली. बायबलची वचनं म्हणत राहिली, विश्वास ठेवला, बरी झाली. ही गोष्ट फिरून फिरून येते. माझ्या आईचाही यकृताचाच होता. वचनं आमच्या घरातही कपाटाला, आरशाला, फ्रिजला चिकटवलेली होती, तिच्याच अक्षरात, आणि ती गेली. तर ज्यांची आई गेली त्यांच्यासाठीचा एपिसोड मी सहा महिने शोधला, एखाद-दुसरं वाक्य सापडतं आणि लगेच गाडी 'पुढे याहून चांगलं येणार आहे' वर जाते. आमचे म्हातारे पाळक अंत्यविधीनंतर घरी आले, अर्धा तास काही न बोलता बसले, चहा घेतला, बायबलमधलं स्तोत्र 23 वाचलं आणि गेले. ते एडिट करून पॉडकास्टमध्ये कसं टाकणार?

पैशाचं म्हणाल तर चर्चकडून पगार घेत नाही, पुस्तकांवरच कोट्यधीश झाला. 2017 ला हार्वे वादळात पूरग्रस्तांसाठी चर्चचे दरवाजे लगेच उघडले नाहीत म्हणून लोकांनी धुतला, मग उघडले, चर्चचं म्हणणं पाण्याचा धोका होता. आणि 2021 ला बाथरूमच्या कामाला आलेल्या प्लंबरला चर्चच्या भिंतीत नोटांची आणि चेकची पाकिटं सापडली, 2014 ला दानातले सहा लाख डॉलर चोरीला गेले होते त्याच्याशी संबंध असल्याचं पोलिस म्हणाले. यावर कुणीतरी वेगळा पॉडकास्ट काढा, मी पहिला सबस्क्राइब करतो.

पाचपैकी तीन. इंटरव्ह्यूला जाताना, सोमवारी सकाळी, जिममध्ये, बिनधास्त लावा. रोज ऐकू नका, चौथ्या दिवशी पुढचं वाक्य आपणच बोलायला लागतो. आईची गोष्ट सुरू झाली की मी अजून तीस-तीस सेकंद पुढे ढकलतो, चार-पाच वेळा दाबावं लागतं.